मासा काठी बघत नाही

मी तळेगाव दाभाड्यात राहतो, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी गळाच्या काठ्या बनवतो. बांबूच्या. त्यांच्या मुठीवर शिंपल्याचे तुकडे बसवतो: कधी एखादं पान, कधी खवल्यांची रांग, कधी नुसती चौकोनी तुकड्यांची पट्टी. हे सांगितलं की समोरचा माणूस तीनपैकी एक प्रश्न विचारतो. परवडतं का? तळेगावात मासे कुठं मिळतात? आणि तिसरा, जवळजवळ नेहमी हसत विचारलेला: मासा काय काठीवरची नक्षी बघून गळाला लागतो का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. परवडत नाही. आणि तळेगावच्या एका अंगाला इंद्रायणी आहे, दुसऱ्या अंगाला पवना. मावळात पाणी कमी नाही आणि पाण्यात मासे अजून आहेत. तिसऱ्याचं उत्तरही तसं सोपंच आहे. नाही लागत. मासा काठी बघत नाही, तो आमिष बघतो.

पण तिसऱ्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो इतक्यात सुटत नाही. ज्या वस्तूचं काम नक्षीशिवाय तितकंच चांगलं होतं, तिच्यावर नक्षी का करायची? त्यात ती वस्तू जीव घेण्यासाठी असेल आणि नक्षी दुसऱ्या एका जिवाच्या कवचातून कापलेली असेल, तर ती करावी का?

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्यापुढे रोख पैशांच्या रूपात आला. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी काम कसं होतं ते सांगायला हवं, कारण निम्मं उत्तर कामातच आहे.

नाकापेक्षा मोती जड

काठीसाठी मी कोकणातला माणगा बांबू वापरतो. तो जवळजवळ भरीव असतो. तोडल्यावर तो सावलीत नीट वाळू द्यावा लागतो, घाई केली तर तडकतो. मग मंद आचेवर शेकत शेकत सरळ करायचा, गाठी तासायच्या, तंगूस ज्यातून जातो त्या कड्या रेशमी दोऱ्याने गुंडाळून बसवायच्या आणि वर लाखेचा किंवा इपॉक्सीचा हात द्यायचा.

बांबूची एक गंमत आहे. त्याची ताकद सालीलगत असते. बांबू आडवा कापून बघा, बाहेरच्या कडेला धाग्यांचे ठिपके दाट दिसतात आणि आत जावं तसे ते विरळ होत जातात. म्हणजे शिंपला बसवण्यासाठी मी बांबूच्या अंगावर खाच पाडली, तर नेमके सगळ्यात मजबूत धागे तोडतो. काठी जिथे वाकते तिथे अशी नक्षी केली, तर पहिला दांडगा मासा लागताच काठी तिथेच मोडेल.

म्हणून शिंपला फक्त मुठीवर. मूठ वाकत नाही. तिथेही प्रश्न असतो, कारण शिंपला सपाट किंवा स्वतःच्या मर्जीने वाकडा आणि मूठ गोल. मोठा तुकडा बसत नाही, उचकटतो. सोनार वापरतात तसल्या केसाएवढ्या पात्याच्या आरीने लहान लहान तुकडे कापावे लागतात. पाण्याखाली घासावे लागतात, तोंडाला मास्क लावून, कारण शिंपल्याची कोरडी भुकटी फुप्फुसांना वाईट. मग चिकटवायचे, फटी भरायच्या, पुन्हा घासायचे. बोटांच्या पकडीला काही टोचता कामा नये.

यातून पहिला नियम आपोआप मिळतो. आपल्या आज्यांनी तो तीन शब्दांत सांगून ठेवला आहे: नाकापेक्षा मोती जड. नथ नाकासाठी असते. नक्षीने वस्तूचं काम बिघडवलं, तर ती नक्षी वस्तूच्या मुळावर येते. पण हा नियम नक्षी कुठे करू नये एवढंच सांगतो. ती मुळात का करावी, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

अलंकार हा गुन्हा आहे का?

नक्षीच्या विरोधातला सगळ्यात गाजलेला खटला व्हिएन्नाच्या अॅडॉल्फ लूस या वास्तुरचनाकाराने चालवला. १९१० च्या सुमारास त्याने 'अलंकार आणि गुन्हा' या विषयावर व्याख्यान दिलं, ते पुढे निबंध म्हणून जगभर पोचलं. त्याचा मुद्दा असा: पापुआचा माणूस आपली होडी, आपलं वल्हं, हाताला लागेल ते नक्षीने भरतो, ते त्याच्या जागी ठीक, पण आधुनिक माणसाने तसं करणं म्हणजे मागे जाणं. वल्ह्याचा उल्लेख वाचून मला माझी काठी आठवली आणि थोडा रागही आला. पापुआच्या लोकांबद्दलचा त्याचा सूर तुच्छतेचा आहे, तो आज कुणी मान्य करणार नाही.

पण राग बाजूला ठेवून वाचलं, तर लूसचे दोन मुद्दे आजही टोचतात. एक: नक्षी म्हणजे वाया गेलेले मजुरीचे तास, आणि त्या तासांचे पैसे कारागिराला क्वचितच मिळतात. दोन: नक्षीदार वस्तू झिजण्याआधी जुनी दिसू लागते, कारण नक्षीची फॅशन वस्तूच्या आयुष्याआधी संपते.

दुसऱ्या मुद्द्याला उत्तर तुमच्या हातात आहे, अगदी शब्दशः. ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय, त्याच्यावर लूसला खटकेल असं काहीही नाही. काचेची सपाट पाटी, एक फूल नाही, एक वेल नाही. तरी तो तीन वर्षांत जुना दिसू लागतो. साधेपणालाही फॅशन असते. आणि त्या पाटीवर आपण काय करतो? कव्हर घालतो. त्यावर देवाचा फोटो, कुत्र्याचा फोटो, चमकी, स्टिकर. वस्तू रोज हाताळायची असली, की तिच्यावर आपली खूण हवीशी वाटते. आपल्याकडे तर हे जुनंच आहे. पोपटाच्या आकाराच्या अडकित्त्याने सुपारी जास्त बारीक कातरली जात नाही. पितळी फुल्या मारलेल्या पाटावर बसून जेवण जास्त चवदार लागत नाही. शिंगं रंगवली म्हणून बैल जास्त नांगरत नाही. पण ज्याच्याकडून वर्षभर काम घेतलं, त्याची दखल घ्यायची आपल्याला हीच रीत सुचली.

पहिला मुद्दा, मजुरीच्या तासांचा, जास्त अवघड आहे. इंग्लंडच्या जॉन रस्किनने १८४९ च्या एका पुस्तकात नक्षी तोलण्यासाठी एक वेगळाच काटा सुचवला होता: ती करताना कोरणारा आनंदात होता का, हे विचारा. माझ्यापुरतं उत्तर हो आहे. कारखान्यात मी दिवसभर जे करतो, ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीही तसंच करेल, तशीच ती व्यवस्था आहे. रविवारी दोन तुकड्यांमधली फट केसाएवढी राहिली, तर ती माझ्यामुळे राहिली आणि बुजली तरी माझ्यामुळेच. हे तास वाया गेले असं मला वाटत नाही.

फक्त रस्किनच्या काट्यात एक पारडं कमी आहे. कोरणारा आनंदात होता हे ठीक. ज्याच्या कवचातून कोरलं, त्याचं काय?

लेण्यातल्या फासळ्या

त्या पारड्याकडे जाण्याआधी एकदा कार्ल्याला जाऊन येऊ. तळेगावहून लोणावळा लोकल पकडली की मळवलीला उतरायचं, तिथून लेणी जवळ. बहुतेक लोक एकवीरेच्या दर्शनाला जातात आणि येता येता चैत्यगृहात डोकावतात. डोकावलात तर मान वर करा. दगडात कोरलेल्या कमानदार छताला आतून लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या.

त्या फासळ्यांवर कसलाही भार नाही. छत म्हणजे अखंड डोंगर आहे, त्याला लाकडाच्या टेकूची गरज नाही. मग त्या का? कारण त्याआधीचे चैत्य लाकडाचे असत, तिथे अशाच फासळ्या छप्पर पेलत. दगडात आल्यावर त्यांचं काम संपलं, तरी त्या राहिल्या. ज्यांनी हा डोंगर कोरला त्यांना फासळ्यांवाचून ती जागा आपली वाटली नसणार.

त्याच लेण्याच्या दर्शनी भागात एक छोटा लेख आहे. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार घडवलं एवढंच त्यात सांगितलं आहे. लेणं पुरं केल्याचं श्रेय घेणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचाही लेख तिथे आहे, आणि सुताराचंही नाव आहे. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. कारागिराने आपलं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगितलं. हे मी केलं, विचारायचं असेल तर मला विचारा.

बऱ्याच नक्षीचा जन्म असाच होत असावा: एखाद्या गोष्टीचं काम संपतं आणि ती शोभेला उरते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या बघा. चौकटींत काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले असतात. उजेड आत यायचा, ऊन आणि नजर बाहेर राहायची. तो शिंपला तेव्हा शोभेचा नव्हता, तीच खिडकीची काच होती. खरी काच स्वस्त झाली आणि शिंपल्यांच्या खिडक्या पर्यटकांनी फोटो काढायच्या झाल्या. काच स्वस्त आणि देशी व्हावी यासाठी आमच्या तळेगावानेही हातभार लावला आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, माणशी एक पैसा गोळा करत, १९०८ साली इथे काचेचा कारखाना उभा राहिला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता.

या हिशोबाने बघितलं, तर माझी बांबूची काठीसुद्धा आता एक शोभाच आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर फायबरग्लासच्या काठ्या आल्या, सत्तरच्या दशकात कार्बन फायबरच्या. त्या हलक्या, ओल न धरणाऱ्या आणि स्वस्त. मासे धरायला बांबूची कुणालाच गरज उरलेली नाही. त्यामुळे 'साधी काठी उपयोगाची आणि शिंपल्याची काठी नखऱ्याची' असा भेद करायला मला अवघड जातं. निरुपयोगी गोष्टीवर प्रेम करण्याचा निर्णय मी बांबू हातात घेतला तेव्हाच झालेला आहे. शिंपला त्याच रस्त्यावरचं पुढचं पाऊल.

शिंपला कुणाचा?

आता रस्किनचं कमी पडलेलं पारडं.

हौशी काठ्यांवर जगभर जो शिंपला वापरतात, तो बहुधा अबलोनीचा असतो. निळा, हिरवा, जांभळा, रॉकेलचा थेंब पाण्यावर पसरावा तसा. न्यूझीलंडमध्ये त्याच्या एका जातीला पावा म्हणतात. या शिंपल्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढून विकतात. ते वाकतात, गोल मुठीवर सहज बसतात, काम निम्म्यावर येतं.

पण अबलोनीची गोष्ट सरळ नाही. अमेरिकेत पांढरी अबलोनी २००१ साली धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेली. त्या यादीत जाणारा समुद्रातला तो पहिला अपृष्ठवंशी जीव होता, आणि ही वेळ अतोनात उपशामुळे आली. दक्षिण आफ्रिकेत अबलोनीच्या चोरट्या व्यापारात अमली पदार्थांच्या टोळ्या शिरल्या. दुसऱ्या बाजूला हेही खरं की काही ठिकाणी ती मांसासाठी रीतसर पाळली जाते, न्यूझीलंडमध्ये कोट्याप्रमाणे धरली जाते, आणि शिंपला हा मागे उरलेला भाग असतो. म्हणजे हातातला चमकदार पापुद्रा निर्दोष असू शकतो किंवा रक्ताचा असू शकतो. बघून कळत नाही. मी एका ऑनलाइन विक्रेत्याला विचारलं, हा कुठल्या समुद्रातला? उत्तर आलं: 'ओरिजिनल आहे सर.'

आपल्याकडेही शिंपले सरसकट 'किनाऱ्यावर सापडलेले' नसतात. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत बऱ्याच शंख-शिंपल्यांची नावं आली. गोव्याच्या खिडक्यांतला तो अर्धपारदर्शक शिंपलाही त्यात होता.

मी नदीचा शिंपला वापरायला लागलो तो इंदुरीच्या बाजूला इंद्रायणीकाठी भेटलेल्या एका कातकरी आजोबांमुळे. त्यांच्या हातात चिव्याची काठी, तंगूस आणि गळ. माझी काठी त्यांनी हातात घेतली, मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, हे शिंपलं नदीचं न्हाई." मी सांगितलं, लांबून मागवलंय. ते हसले नाहीत. म्हणाले, "हितं काय कमी व्हती? पाणी आटलं की पायाला टोचायची. आता हुडकावी लागत्यात."

नदीच्या शिंपल्याला अबलोनीची निळाई नसते. तो पांढुरका, कडेला जरा तांबूस. पण त्याच्याबद्दल वाचत गेलो तसा मी त्याच्यात अडकलो. नदीतला शिंपला पाणी गाळून त्यातलं अन्न खातो, म्हणजे जिवंत असेपर्यंत तो नदी स्वच्छ करत असतो. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणाऱ्या फेसाचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यामुळे आजोबांच्या 'हुडकावी लागत्यात'चा अर्थ वेगळा सांगायला नको. दुसरी गोष्ट त्याच्या पिल्लांची. शिंपल्याची सूक्ष्म पिल्लं माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस त्याच्या अंगावर राहतात, त्याच्यासोबत नदीभर फिरतात आणि मग गळून तळाशी आपला संसार मांडतात. मासे नसतील तर शिंपले नाहीत. ज्या शिंपल्याचा तुकडा मी गळाच्या काठीवर बसवतो, तो लहानपणी कुठल्यातरी माशाच्या अंगावर बसून आलेला असतो.

तिसरी गोष्ट त्याच्या चमकेची. शिंपल्याच्या आतल्या थरात रंग असा नसतोच. चुन्याच्या सूक्ष्म फरश्या एकावर एक रचलेल्या असतात, मिलिमीटरचा दोन हजारावा भाग एवढ्या जाडीच्या, मध्ये प्रथिनाचा पातळ लेप. ही जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास येते म्हणून साबणाच्या फुग्यासारखे रंग खेळतात. आणि हीच रचना त्याला कणखर करते: तडा एका फरशीपाशी थांबतो, वळतो, थकतो. म्हणजे त्याची चमक आणि त्याचं बळ ही एकच गोष्ट आहे. त्यातही ही चमक शिंपल्याच्या आत असते. तो जिवंत आणि मिटलेला असताना ती कुणालाच दिसत नाही. शोभा आणि उपयोग हे दोन वेगळे कप्पे आपण केलेत. शिंपल्याला ते माहीत नाहीत.

तलवारीची मूठ

इथवर मी शिंपल्याची बाजू घेतली. माशाची अजून घेतलेली नाही.

तळेगाव हे सेनापती दाभाड्यांचं गाव. खंडेराव दाभाडे १७१७ साली सेनापती झाले, पुढे उमाबाई दाभाड्यांनी ते पद सांभाळलं. त्या काळच्या तलवारी संग्रहालयांत बघितल्या तर मुठीवर सोन्याच्या तारेचं कोफ्तगारीचं काम दिसतं. वेली, फुलं. त्या मुठीच्या पुढे जे पातं आहे त्याचं काम काय, हे आपल्याला माहीत असतं, तरी आपण काचेच्या पेटीसमोर उभे राहून 'काय सुंदर आहे' म्हणतो. सौंदर्याने हिंसा झाकता येते, हा आरोप इथे खरा ठरतो. मग माझी काठी वेगळी कशी?

माशाला दुखत नाही असं आपण सोयीने मानत आलो. २००३ साली लिन स्नेडन या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. मासा नेमकं काय अनुभवतो यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत, पण 'त्याला काही कळत नाही' हे वाक्य आता निर्धास्तपणे म्हणता येत नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत लोक पिढ्यान्‌पिढ्या महसीर माशांना देवाचे मासे मानून खायला घालतात, धरत नाहीत. त्यांना कुठल्या प्रयोगाची वाट बघावी लागली नाही.

मी मासा धरतो आणि खातो. धरून परत सोडणं जास्त नैतिक, असं हौशी मंडळींत मानलं जातं. त्याने मासा वाचतो हे खरं, आणि महसीरसारखी जात असेल तर सोडायलाच हवी. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून महसीरची पैदास चालू आहे, ती माझ्या तव्यासाठी नाही. पण नुसत्या मजेसाठी गळ टोचायचा आणि सोडून द्यायचं, यात माशाच्या बाजूने फक्त दुखणं उरतं. मी बहुतेक वेळा चिलापी धरतो. ती इथली नव्हे, १९५२ साली बाहेरून भारतात आणलेली जात आहे, आणि आता सगळीकडे आहे.

तरीही मला खायला मासा बाजारात मिळतो. आजोबांच्या चिव्याच्या काठीमागे भूक आहे. माझ्या काठीमागे आवड आहे. साधी काठी घेऊन मी त्यांच्या शेजारी बसलो असतो, तर लांबून आम्ही दोघं सारखेच दिसलो असतो आणि माझी आवड त्यांच्या गरजेमागे लपली असती. शिंपला ती लपू देत नाही. तो उघड सांगतो की हा माणूस इथे आनंदासाठी आला आहे. तलवारीवरची वेल पात्याकडून नजर वळवत असेल. माझ्या मुठीवरचा शिंपला मात्र मलाच आठवण देतो की मी कशासाठी काय घेतोय.

हे म्हणून मी सुटलो असं नाही. आनंदासाठी घेतो असं कबूल केलं की घेणं योग्य ठरत नाही. पण निदान प्रश्न योग्य माणसाला विचारला जातो.

बारा काठ्या

आता ते पैशांचं.

गेल्या वर्षी दिवाळीआधी एका गृहस्थांनी माझे फोटो बघून संपर्क केला. पवना धरणाच्या बाजूला त्यांचं फार्महाऊस झालं होतं. त्यांना बारा काठ्या हव्या होत्या, भिंतीवर लावायला आणि काही पाहुण्यांना भेट द्यायला. सगळ्यांवर निळी अबलोनी, मुठीपासून हातभर वर. त्यांनी सांगितलेला आकडा म्हणजे माझ्या घराच्या कर्जाचे सात हप्ते.

भिंतीवर लावायला माझी हरकत नव्हती. वर म्हटलं तसं, बांबूची काठी आता तशीही शोभाच आहे. हातभर वरपर्यंत नक्षी केली तर काठी मोडेल, हे मी सांगितलं. ते म्हणाले, मोडायला वापरणार कोण आहे? तेही मी पचवलं असतं. अडलं ते अबलोनीपाशी. बारा काठ्यांना पुरेल एवढा शिंपला कुठून आला हे सांगू शकेल असा विक्रेता मला मिळाला नाही. मी त्यांना कळवलं की नदीच्या शिंपल्यात करून देतो, पण बारा नाही, दोन. कारण मी फक्त उन्हाळ्यात काठावर पडलेले रिकामे शिंपले उचलतो, तेही मूठभर. रिकामा शिंपलासुद्धा नदीच्या कामाचा असतो, त्यात बारीक जीव राहतात, त्यातला चुना पाण्यात परत जातो.

त्यांनी नम्रपणे आभार मानले.

घरी बायकोने विचारलं, "मग ते दुसऱ्याकडून करून घेतील ना?"

म्हटलं, हो.

"मग तुझ्या नाही म्हणण्याने एकतरी शिंपला वाचला का?"

नाही. बहुधा नाही. हा प्रश्न मला तिसऱ्या प्रश्नापेक्षा कितीतरी अवघड वाटतो, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो वेगळ्या रूपात झेलला असेल. मी ही नोकरी नाकारली तर दुसरा कुणी घेईल. मी हा टी-शर्ट घेतला नाही म्हणून कुणाचं शोषण थांबणार नाही. परिणामांची बेरीज केली तर माझा नकार शून्याच्या जवळ येतो. सात हप्ते मात्र शून्य नव्हते. बायकोचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि तिने ते वैतागून विचारलेलं नव्हतं.

माझं उत्तर मला बरंच उशिरा सापडलं, आणि ते परिणामांचं नाही. सजावट करणं म्हणजे समोरच्याला म्हणणं की इकडे बघ. साधी वस्तू असं म्हणत नाही, ती आपलं काम करते आणि कोपऱ्यात उभी राहते. पण मी कुणाला बघायला बोलावलं, तर त्याला विचारायचा हक्कही द्यावा लागतो. हे काय आहे? कुठून आलं? कुणाचं होतं? सामी सुताराने दारावर नाव घातलं तेव्हा तो हाच हक्क देत होता. ज्या तुकड्याबद्दल विचारलं तर मला 'ओरिजिनल आहे' एवढंच म्हणता येईल, तो मी मुठीवर बसवला, तर मी लोकांना बघायला बोलावतोय आणि विचारू नका असंही सांगतोय. लूसला अलंकारातला गुन्हा फुकट गेलेल्या तासांत दिसला. मला तो या लपवण्यात दिसतो.

यात शुद्धतेचा दावा नाही. माझं इपॉक्सी कुठून येतं, तंगूस कुठल्या कारखान्यात बनतो, मला सांगता येणार नाही. तुमच्या-माझ्या फोनमधला कोबाल्ट कुठल्या खाणीतला, हेही आपल्याला माहीत नाही. सगळ्याचा हिशोब ठेवायचा म्हटलं तर सकाळी दात घासणंही होणार नाही. पण जे आपण मुद्दाम, गरज नसताना, केवळ सुंदर दिसावं म्हणून जोडतो, तिथे ही सबब चालत नाही. गरजेच्या गोष्टीत माणूस अडलेला असतो, तिथे त्याला थोडी सूट द्यावी लागते. हौशीच्या गोष्टीत आपण पूर्ण मोकळे असतो, म्हणून तिथे पूर्ण जबाबदारही असतो. निदान त्या चार चौरस इंचांचा हिशोब देता यायला हवा.

सध्या वर्षाला तीन काठ्या होतात. प्रत्येकीच्या मुठीखाली मी बारीक अक्षरांत शिंपला कुठल्या काठावर आणि कुठल्या महिन्यात उचलला ते लिहितो. या उन्हाळ्यात इंदुरीपासून खाली चालत गेलो तेव्हा मोजून नऊ रिकामे शिंपले दिसले. पाच उचलले. पुढच्या उन्हाळ्यात त्याहून कमी दिसले, तर काठ्या साध्याच राहतील.